रिकामा डबा

"डिंकाचे लाडू? जप्त!" हॉस्टेलच्या रेक्टर शेजवळ मॅडमनी माझ्या बॅगेतून स्टीलचा डबा उचलला. "घरचं खाणं इथे चालत नाही. सगळं अनाथाश्रमाला जातं." शेजारच्या कॉटवरच्या ऋजुताची खाऊची पिशवी आधीच जप्त झाली होती.

हजार अर्ज चाळून साठ मुली घेणारी आमची पुण्यातली शाळा. शहरातल्या मुली घरून यायच्या आणि दुपारी आमच्यादेखत थालीपीठ हाणायच्या. आम्ही हॉस्टेलवाल्या मेसच्या वरणात डाळ शोधायचो. आणि दर सुट्टीनंतर बाळसं धरायच्या त्या मॅडम!

आठवड्याने मॅडमनी नजर चुकवत डबा परत दिला. आत काठोकाठ शंकरपाळे! ते उपसल्यावर तळाशी आईने चिकटवलेली, तुपाने माखलेली चिठ्ठी दिसली. "मॅडम, तळ दिसला म्हणजे लाडू आवडले. डबा मात्र रिकामा परत करू नका. आपल्यात तशी पद्धत नाही."

अख्खी खोली हसून हसून लोळली.

ऋजुताने एक शंकरपाळा तोंडात टाकला आणि ती चावायची थांबली.

"जायफळ..." ती म्हणाली. "अगं, हे तर माझ्या आईचे आहेत!"