संथ भागातला खोकला

बाबा गेल्यावर फुलचूरच्या घरात आई आणि मी, दोघीच उरलो. चार तंतुवाद्यांसाठीच्या एका आधुनिक रचनेची, क्वार्टेटची, तीन रेकॉर्डिंग्ज बाबा आयुष्यभर ताडून पाहत आले होते. दुपारी मी ती लावली.

पहिल्यात, संथ भागात व्हायोलिनं थांबतात तिथे कुणीतरी खोकलं. श्रोता असेल, असं वाटलं.

दुसरं बंद स्टुडिओतलं होतं. तिथेही त्याच जागी तोच खोकला आला. तो बाबांचा होता.

आई डाळ निवडत होती. "त्यायले पाणी दे ना, दीप्ती. कवाचे खोकलून राहिले."

"आई, बाबा गेले."

"मले कायले सांगतेस?"

मी तिसरं लावलं. बाबांचा खोकला आला, आणि पाठोपाठ एका बाईचा.

आईचा हात सुपात थांबला.

"हा त माहा आहे," ती म्हणाली.