टेबलावर न मावणारा पडदा

"चोवीस इंचीत उद्याचंच दिसतं, ताई. पंचावन्न इंची घ्या, थेट दहा वर्षं पुढचं!" म्हणत दुकानदाराने रिवाजाप्रमाणे कॅमेरा गिऱ्हाइकांकडे वळवला.

घरांचे नकाशे काढायला वसुधाला कॉम्प्युटरसाठी मोठाच एलसीडी हवा होता. पण पंचावन्न इंचीच्या पडद्यावर पिकल्या केसांची वसुधा एकटीच उभी! शेजारी उभा असलेला तिचा नवरा दिगंबर डावीकडे सरकला, मान पुढे काढून पाहिली. पडद्यात काही तो येईना.

"अहो, तुम्ही कुठाय?"

"गेलो असेन चहा सांगायला."

वसुधा हसली नाही. चोवीस इंचीत दोघंही दिसत होती. तिने त्यावरच हात ठेवला.

"हाच द्या. तो मोठा टेबलावर मावायचा नाही."

सकाळीच दिगंबरने टेबल दोनदा मोजलं होतं; मोठ्यालाही जागा पुरत होती. खिशातली टेप मुठीत आवळून तो म्हणाला, "खरंच, नाही मावणार."