दोन मिनिटं चाळीस सेकंद

बाबांनी हेडफोन कानांवर चढवले आणि सुचिताला गप्प बसायची खूण केली. ती गप्पच होती.

टेबलावर एकावर एक दोन डब्या होत्या. खालची पत्त्यांच्या जोडाएवढी, तिच्यात चारशे गाणी. वरची जराशी जाड, पुढे फिरवायचं एक बटण आणि हिरवा दिवा. ती अँप्लिफायर. चाळीस वर्षं चिखलीच्या लग्नांत ट्रॉलीभर भोंगे लावलेल्या बाबांना, शालिग्रामांना, एवढ्याशा डबीला अँप्लिफायर म्हणताना आधी हसू आलं होतं. सुचिताने त्यांना पहिल्यांदा नुसता प्लेअर दिला होता. त्यात दम नाही, असं त्यांनी तिसऱ्याच दिवशी मोबाइलवर लिहून कळवलं, म्हणून ही दुसरी डबी आली. तिचं बटण शेवटापर्यंत फिरवून ते म्हणाले होते, आता कसं मोकळं वाटते.

फोनवर ते बोलत नसत. मोबाइलमधला आवाज पत्र्याच्या डब्यातला. ज्याला कानाची किंमत आहे त्याने लिहून पाठवावं, असा त्यांचा नियम होता. बुलढाण्याच्या कॉलेजात ग्रंथपाल असलेल्या सुचिताला लिहिण्याचा कंटाळा नव्हता.

रविवार म्हणजे परीक्षेचा दिवस.

परीक्षा एका जुन्या कॅसेटची होती. नवा माइक आला तेव्हा बाबांनी सुचिताच्या आईला, जयमालाला, चुलीपाशीच त्याच्यासमोर उभं केलं होतं. ती दहापर्यंत आकडे म्हणते, मध्ये खोकते, अजून किती वेळ म्हणून विचारते, मग दूध उतू जाऊन राह्यलं म्हणून ओरडते आणि झाकण पडल्यावर हसते. सगळं मिळून दोन मिनिटं चाळीस सेकंद. बाबांच्या दुकानात दुरुस्त झालेला प्रत्येक भोंगा या कॅसेटवर तपासला गेला होता.

आई गेली तेव्हा सुचिताने बाबांना बुलढाण्याला चला म्हटलं. ते तयार नव्हते. शेवटी शेजारच्या घड्याळवाल्या बशीरचाचांसमोर करार झाला. ज्या रविवारी जयमालाचं बोलणं बाबांना बरोबर सांगता येणार नाही, त्या रविवारी दुकानाचं शटर कायमचं खाली. बिनकानाच्या माणसाने हे दुकान चालवणं म्हणजे गिऱ्हाइकाला फसवणं, हे त्यांचंच म्हणणं होतं. पण तोवर कोणी बुलढाण्याचं नाव काढायचं नाही.

दोन वर्षांपूर्वी कॅसेट कुरकुरायला लागली. सुचिता ती टेपरेकॉर्डरसकट बुलढाण्याला घेऊन गेली. उतरवता उतरवता शेवटी तिची फीत तुटली, पण तोवर संगणकात दोन मिनिटं चाळीस सेकंदांची फाइल तयार झाली होती. तुटलेली फीत पाहून बाबा एवढंच म्हणाले होते, जाऊ दे, आता ते डबीत आली न.

आजही ते डबीच्या पडद्यावर सरकणाऱ्या रेघेकडे पाहत सांगत होते.

"सहावर खोकली." रेघ पुढे गेली. "आता मले विचारून राह्यली, किती वेळ म्हणून." रेघ आणखी पुढे. "दूध. झाकण." मग ते स्वतःच हसले. "पास का नापास?"

सुचिता त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होती. "पास," ती म्हणाली.

बशीरचाचांनी हेडफोनकडे हात नेला. सुचिताने त्या हातात चहाचा कप दिला.

"चाचा, आधी चहा."

"पाहा बे शालिग्राम," चाचा कुरकुरले, "भाभीले डबीत कोंडलं तू. अन् तुही पोरगी पहारा देते."

तेवढ्यात भजनी मंडळाचा दयाराम भोंगा घेऊन आला. आवाज फाटतो, अशी त्याची तक्रार होती. बाबांनी भोंगा चालू करून त्याच्या कागदी पडद्यावर तळहात ठेवला, डोळे मिटले आणि कॉइल घासतेय म्हणून सांगितलं. उघडल्यावर खरंच ती घासत होती. दयाराम म्हणाला, असा कान जिल्ह्यात नाही. बाबा ते ऐकून संकोचले, पण दिवसभर खुशीत होते. दुपारी त्यांनी स्वतः पिठलं केलं, सुचिताने भाकरी थापल्या. चारच्या एसटीला सोडायला ते स्टँडपर्यंत आले. खिडकीपाशी उभं राहून त्यांनी तिला सांगितलं की पुढच्या रविवारी लोणारच्या मंडळाचा भोंग्यांचा मोठा सेट दुरुस्तीला येणार आहे, तू असशील तर दाखवतो. गाडी वळेपर्यंत हात हलवत होते.

सोमवारी सकाळी बशीरचाचांचा फोन आला.

सगळं उरकल्यावर, पाहुणे पांगल्यावर, सुचिताने दुकानाचं शटर अर्धं उघडलं. चाचा मागोमाग आले आणि स्टुलावर बसले.

"मी पाह्यलं तवा कानाले लावलेलंच होतं," ते म्हणाले. "हिरवा दिवा चालू. अन् तोंडावर असं हसू, का आताच कोणी गंमत सांगितली. भाभीचा आवाज ऐकत गेला, बेटी. असं जाणं कोणाले भेटते?"

सुचिताने मान हलवली. लोकही तीन दिवस हेच म्हणत होते, आणि ते ऐकून तिला प्रत्येक वेळी बरं वाटत होतं. चाचा डोळे पुसत उठले आणि आपल्या दुकानात गेले.

तिने बाबांची खुर्ची आपल्याकडे वळवली. स्टूल ओढून तिच्यासमोर बसली. मग गेली कित्येक वर्षं त्यांच्याशी बोलायची तशीच, ओठ दिसतील असं तोंड अगदी समोर ठेवून, एकेक शब्द सुटा करत ती म्हणाली,

"बाबा, कॅसेट उतरवली तवा माही वायर चुकीच्या भोकात होती. सगळं कोरं हाय. त्या डबीत आई कधी नव्हतीच."