दोन बोटं उंच

पिकअपच्या मागच्या स्प्रिंगचे झिजलेले पाटे घरीच बदलले तर मजुरी सगळी वाचणार होती. म्हणून पिकअपवाल्याने मेकॅनिकला वर ऐकवलंही, "तू तर नुसता बसून पैसे घेतोस!" मग दोन दिवस घराखालच्या गाळ्यात गाडीखाली आडवं पडून त्याने नवे पाटे स्वतः बसवले.

सकाळी आठला गाडी मागे घेतली आणि धाडकन आवाज झाला. नव्या पाट्यांनी गाडी दोन बोटं उंच झाली होती, मागचा लोखंडी पिंजरा शटरच्या चौकटीला अडत होता. नऊला कारखान्यात पोचलं नाही, तर वर्षभराचं कंत्राट जाणार होतं. त्याने चाकांची हवा कमी केली, बायको, आई, मेहुणा, सासरे सगळ्यांना पिंजऱ्यात बसवलं. तरी गाडी बोटभर उंचच.

"अरे, आणखी किती जड होऊ मी?" आई कळवळली.

"अहो, त्या जाड्यालाच बोलवा आता," बायको रडकुंडीला आली.

सव्वाशे किलोचा मेकॅनिक आला, पिंजऱ्यात चढून ऐसपैस बसला. गाडी अलगद बाहेर पडली.



मजुरी त्याने पुरती मोजून घेतली. नुसतं बसायची.