वटवाघळाचं मत

"सातव्या मोहिमेत ढाल मागे ठेवणारा माणूस गाढव आहे," तिने टाइप केलं आणि पुढे तीन टिंबं दिली. नवरा कायम तीन टिंबं द्यायचा.

मग एक शब्द मुद्दाम चुकवला आणि मजकूर पाठवून दिला.

तिचा धंदाच तसला होता. दातांच्या प्रयोगशाळेत ती कवळ्या बनवायची. खोटा दात पांढराशुभ्र केला की लगेच पकडला जातो. त्याला जरा पिवळेपणा द्यावा लागतो, एखादी कडा झिजवावी लागते, मग तो त्या माणसाचा वाटतो. नवऱ्याच्या नावाने लिहिताना ती हेच करत होती.

नवरा गेला तेव्हा बुटाची नाडी बांधत होता. एका बुटाची बांधून झाली होती, दुसऱ्याची राहिली. संध्याकाळी माणसं पांगल्यावर त्याचा संगणक चालूच असल्याचं तिच्या लक्षात आलं. पडद्यावर निरोप होता, "वटवाघळा, कुठे लटकलास?"

"इथेच आहे..." तिने लिहिलं. का लिहिलं, ते तिला आजही सांगता आलं नसतं.

'काळी कक्षा' हा अवकाशातल्या लढाईचा जुनाट गेम. बनवणारी कंपनी केव्हाच बुडाली, पण त्यावरून भांडणारे चौघे उरले होते. धूमकेतू, घार, खापर आणि तिचा नवरा, वटवाघूळ. चौघांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं, खरी नावंही ठाऊक नव्हती. मतं मात्र तोंडपाठ. सातव्या मोहिमेत जखमींचं जहाज सुखरूप पोचवायचं असतं. घारीच्या मते ती प्रामाणिकपणे जिंकताच येत नाही. खापर म्हणायचा, गेमचा दुसरा भाग म्हणजे नुसती रंगरंगोटी. धूमकेतूचं म्हणणं, इंजिनाची ताकद काढून तोफांना द्या, पुढचं पुढे. आणि वटवाघळाचं मत असं, की जॉयस्टिक सोडून माउसने लढणं म्हणजे चमच्याने विहीर खणणं.

सुरुवातीला तिला धाकधूक होती. नवऱ्याचं जुनं लिखाण वाचून ती तेच फिरवून फिरवून लिहायची. कोणाला संशय आला नाही. तेही तेच ते बोलत होते. वादात कोणी हरत नव्हतं, कोणी मत बदलत नव्हतं. पुरुषांचं असंच असतं, असं तिला वाटलं.

घार तर पूर्वी शिवी घातल्याशिवाय वाक्य संपवायचा नाही. हल्ली "कृपया" लिहायला लागला होता. वय झालं असेल.

खरी भीती वेगळीच होती. पूर्वी दर रविवारी चौघे इंटरनेटवरून एकत्र उडायचे. तिला तर ते यान सरळसुद्धा नेता येत नव्हतं. पण तिने सबब शोधायच्या आतच खापरचं मनगट दुखायला लागलं, घारीचा संगणक बिघडला आणि धूमकेतूला वेळ मिळेना. आंधळ्याने एक डोळा मागावा आणि देवाने तीन द्यावेत, तशातली गत.

"वहिनी, सांगून टाक त्यांना," नणंद म्हणाली. ती भावाचे शर्ट पिशवीत भरत होती. "दादा गेला म्हणून. असं किती दिवस चालवणार?"

"त्यांना काय फरक पडतो?"

"त्यांना नाही गं. तुला."

"शर्ट ने सगळे. निळा ठेव."

नणंदेने निळा शर्ट परत टांगला आणि विषय सोडून दिला.

तिला रडू येत नव्हतं. राग नाही, दुःख नाही, काहीच नाही. भूल दिलेल्या हिरडीसारखं आतलं सगळं बधिर होतं. कामावर जायची, जेवायची, झोपायची. फक्त कोणी "वटवाघळा, तू ठार मूर्ख आहेस" असं लिहिलं की तिला बरं वाटायचं. मेलेल्या माणसाला कोणी मूर्ख म्हणत नाही. जगात ही एकच जागा उरली होती जिथे तो जिवंत होता.

मग धूमकेतूने लिहिलं, "एकदा भेटू या. समोरासमोर काहीतरी सांगायचंय. स्टेशनसमोरच्या कॉफीच्या दुकानात, शनिवारी दुपारी. ओळख पटायला प्रत्येकाने आपापली जॉयस्टिक आणावी."

निदान दोघे तरी नाही म्हणतील, असं तिला वाटलं. पण घारीने लगेच लिहिलं, "हो. मलाही सांगायचंय." खापरने लिहिलं, "येतो."

तिने उत्तर लांबवलं. नाही म्हटलं, तर वटवाघूळ असंच चालू राहील. हो म्हटलं, तर त्या टेबलावर तो दुसऱ्यांदा मरेल. पण मित्र एक खुर्ची रिकामी ठेवून त्याची वाट बघत बसलेत, हे काही तिच्या डोळ्यांसमोरून हलेना. शुक्रवारी तिने लिहिलं, "येतो..."

टिंबं द्यायला विसरली नाही.

जॉयस्टिक तिने निळ्या शर्टात गुंडाळून पिशवीत घातली. वाटभर एकच घोकत होती: मी त्यांची बायको, ते गेले, मला माफ करा. दुकानाच्या दारापर्यंत पोचली आणि तिथेच घुटमळत राहिली. आत शिरली तेव्हा चांगलाच उशीर झाला होता.

खिडकीपाशी एका टेबलावर तीन जॉयस्टिक होत्या. एकीला चिकटपट्टी गुंडाळलेली होती. भोवती पांढऱ्या केसांची एक बाई, कडक इस्त्रीच्या कपड्यांतले एक म्हातारे गृहस्थ आणि कॉलेजच्या वयाची एक मुलगी. मुलीचे डोळे सुजले होते.

तिने शर्ट उलगडला आणि जॉयस्टिक टेबलावर ठेवली.

पांढऱ्या केसांच्या बाईंनी रिकाम्या खुर्चीवरची आपली पर्स उचलली.

"बसा," त्या म्हणाल्या. "ही धूमकेतूची मुलगी. हे खापरचे थोरले भाऊ. घार माझा मुलगा होता. आणि तुम्ही वटवाघळाच्या कोण?"