घंटी न वाजवता

"रस्ता तुझ्या बापाचा आहे का?" मोटारवाल्याने सायकलवाल्याला कॉलर धरून खाली खेचलं. "इतका वेळ हॉर्न देतोय, तर हा आपला मधोमध रमतगमत चाललाय!" त्याने थोबाडात दिली, पडल्यावर पोटात लाथ घातली, सायकलचं चाक तुडवून वाकडं केलं. "माझी आई हरवलीय! घरच्यांनासुद्धा ओळखत नाही ती. तिला शोधू की तुझी मिजास बघू?"

सायकलवाला उठून बसला, रक्त थुंकला. "पुढे एक आजी चालल्यात. फुटपाथ खणलाय ना, कोणी उडवेल त्यांना, म्हणून मी मागे राहिलो. घंटीनंसुद्धा दचकतात त्या."

मोटारवाल्याने पुढे पाहिलं. "आई!"

म्हातारी लगबगीने आली आणि सायकलवाल्याच्या पाठीमागे लपली. "बाळा, हा मलाही मारेल का रे?"