दहा नंबरचा पाना

"दहा नंबरचा पाना कुठे आहे?"

हँगरप्रमुख मुकुंदसाहेबांनी तिसऱ्यांदा विचारलं आणि हँगरमधली चाळीस माणसं तिसऱ्यांदा फळ्याकडे बघू लागली. फळ्यावर प्रत्येक हत्याराची काळी आकृती रंगवलेली होती आणि आकृतीवर ते ते हत्यार टांगलेलं होतं. एकच आकृती उघडी होती. तिच्या खिळ्याला पितळी बिल्ला लटकत होता आणि बिल्ल्यावर नंबर होता श्रावणचा. हत्यार नेताना आपला बिल्ला तिथे अडकवायचा, हत्यार परत आणलं की काढून घ्यायचा. एवढंसं हत्यार जरी परत आलं नाही तरी विमान जागचं हलत नाही. आत मंत्री बसलेला असला तरी नाही.

श्रावण मान खाली घालून उभा होता. पाना कुठे आहे हे त्या चाळिसांत त्याला एकट्यालाच ठाऊक होतं. तो त्याच्या जेवणाच्या डब्यात, भाताखाली होता.

देशाची म्हणून इतकी वर्षं मिरवलेली ही विमान कंपनी दिवाळखोरीत निघाली होती. एक परदेशी कंपनी ती घेत होती. त्यांना विमानं हवी होती, नागपूर नको होतं. विमानतळाला लागून असलेल्या मिहानमधल्या या हँगरमधून एकेक करत सगळी विमानं गेली. शेवटचं आज पाच वाजता जाणार होतं आणि कामगारांच्या अर्जाची सुनावणी होती उद्या सकाळी. वकिलानं साफ सांगितलं होतं, एक जरी विमान हँगरमध्ये उभं असलं, तर काम चालू आहे म्हणून स्थगिती मागता येईल. रिकाम्या छपरासाठी काय मागू? पाना हरवला की इंजिन उघडायचं, तळ उचकटायचा, कोपरा न् कोपरा धुंडायचा. दोन दिवस सहज निघाले असते.

बदल्यात श्रावणचं नाव जाणार होतं. विमानात हत्यार हरवणाऱ्याला दुसऱ्या कुठल्या हँगरमध्ये उभं करत नाहीत. श्रावण कोष्ट्याच्या घरातला. बाप मागावर बसायचा, तेव्हा तुटलेला धागा सांधल्याशिवाय पाणी प्यायलाही उठत नसे. तीच खोड घेऊन श्रावणनं सव्वीस वर्षं विमानांची कामं केली होती. आता त्या अब्रूवर पाणी सोडायचं त्यानं ठरवलं होतं.

झडती सुरू झाली. खिसे, पिशव्या, बूटसुद्धा. श्रावणची पाळी आली तेव्हा दारावरच्या केशवनं हातच जोडले.

"तुमची काय झडती घ्याची, श्रावणभाऊ! लाजवू नका गा."

तो पुढच्याकडे वळला. डबा कपाटावर होता तसाच राहिला.

तेवढ्यात ऋतुजा विमानाच्या पोटातून सरपटत बाहेर आली. श्रावणच्याच हाताखाली शिकलेली पोरगी. तिची कोपरं सोलली होती आणि डोळे लाल झाले होते.

"काका, सकाळी मीच मागून घेतला होता तुमच्याकून. माह्याच हातून आत पडला असंन."

"तू वापस देला होता मले," श्रावण घाईघाईनं म्हणाला. "काहून रडून राहिली वं? चूक माही आहे."

बोलताना त्याला स्वतःची किळस आली. पण साडेचार वाजले होते. आता मागे फिरणं नव्हतं.

परदेशी कंपनीचा माणूस दर दोन मिनिटांनी घड्याळ बघत होता. मुकुंदसाहेब फळ्यासमोर बराच वेळ उभे राहिले. विमान सोडायची सही त्यांची होती. त्यांनी बिल्ल्याकडे पाहिलं, मग श्रावणकडे, मग जेवणाच्या सुट्टीतही न उघडलेल्या, कपाटावरच्या डब्याकडे. टेबलाशी जाऊन त्यांनी कागद पुढे ओढला. 'सर्व हत्यारे विमानाबाहेर आहेत,' असं त्यावर छापलेलं होतं. त्याखाली त्यांनी सही ठोकली.

श्रावण धावला. "साहेब, काय करून राहिले तुम्ही? पाना भेटला नाही अजून! आत असंन तर?"

साहेबांनी कागद परदेशी कंपनीच्या माणसाच्या हातात दिला. ट्रॅक्टरनं विमान ओढत बाहेर नेलं. हँगरच्या भल्यामोठ्या दारातून ऊन आत आलं आणि जमिनीवरचे तेलाचे डाग तेवढे दिसू लागले. चाळीस माणसांची नोकरी त्या विमानामागोमाग धावपट्टीकडे गेली. एकेक करून माणसं कपडे बदलायला निघून गेली.

मग साहेब श्रावणपाशी आले.

"विमान आज नाही तर परवा गेलंच असतं, श्रावण. तुझं नाव मात्र कायमचं गेलं असतं."

"पण खोटी सही, साहेब..."

"खोटी कशी? सव्वीस वर्षांत तुझा पाना कधी विमानात राहिला नाही. तो आज राहील?" त्यांनी कपाटावरचा डबा काढून त्याच्या हातात दिला. "जेवून घे. आणि भाताखाली असेल ते धुऊन जागेवर लाव."